पूर्णांकांना नाव देणारा तक्ता: पीएचपीतील ॲरेचा नेमका वापर

एखादा पूर्णांक हाती आहे आणि त्याचे नाव हवे आहे, अशी वेळ प्रोग्राम लिहिताना वरचेवर येते. ७ या संख्येसाठी ‘सात’, आठवड्याच्या तिसऱ्या दिवसासाठी ‘बुधवार’, एखाद्या अर्जाच्या स्थितीच्या क्रमांकासाठी ‘प्रलंबित’ अशी ही कामे असतात. नवशिका प्रोग्रामर अशा वेळी इफ आणि एल्सइफ या अटींची लांबलचक साखळी लिहितो किंवा स्विच ही पर्याय निवडणारी रचना वापरतो. दोन्ही चालतात, पण दोन्हींत माहिती ही प्रोग्रामच्या प्रवाहात अडकून पडते, आणि एक नाव बदलायचे झाले तरी तर्काच्या ओळींना हात लावावा लागतो. पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेतील ॲरेत, म्हणजे क्रमांकित घरांच्या यादीत, मात्र संख्या हाच इंडेक्स (घराचा क्रमांक) आणि नाव हे त्या इंडेक्सवरचे मूल्य, अशी मांडणी करता येते आणि शोधण्यासाठी वेगळा तर्क लिहावाच लागत नाही.

या लेखात ० ते ९९ या संख्यांच्या मराठी नावांचा तक्ता तयार करू, तो बिनचूक आहे याची खात्री करून घेऊ, आणि मग त्याच शंभर नावांच्या आधारे नव्याण्णव कोटींच्या पुढपर्यंतची संख्या अक्षरी लिहू. वाटेत एकच सूत्र धरून चालायचे आहे: जे हिशेबाने काढता येत नाही तेवढेच तक्त्यात ठेवावे, आणि जे हिशेबाने निघते ते तक्त्यात भरू नये.

मराठी संख्यानामे या सूत्रासाठी फार चांगले उदाहरण आहेत. बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी आणि ब्याण्णव या नावांत दोनचे रूप कधी ‘बा’, कधी ‘ब’, कधी ‘बे’ आणि कधी ‘ब्या’ असे बदलत जाते. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत ‘एकोण’ची चाल टिकते, पण नेमकी ९९ला ती मोडते आणि ‘नव्याण्णव’ येते. त्यामुळे एककांचा एक ॲरे आणि दशकांचा दुसरा ॲरे घेऊन त्यांची जोडणी करण्याची युक्ती इथे चालत नाही. शंभर नावे शंभर वेळा लिहावीच लागतात. शंभरच्या पुढे मात्र भाषा नियमित होते, आणि तिथून हिशेबाचे राज्य सुरू होते.

कोडविषयी एक सूचना आधीच द्यायला हवी. पीएचपीत व्हेरिएबलचे नाव देवनागरीत ठेवता येते, कारण नावातील अक्षरांसाठी १२८ ते २५५ या किमतींचे बाइट चालतात आणि यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी अक्षरचिन्ह अशाच तीन बाइटांचे बनते. म्हणून खालील तुकडे जसेच्या तसे चालतात. भाषेचे राखीव शब्द आणि अंगभूत फंक्शन यांची नावे या लेखात देवनागरीत दिली आहेत, पण कोडमध्ये ती रोमन लिपीतच लिहावी लागतात. कोडमधील अंकही 0 ते 9 या चिन्हांतच लिहिले पाहिजेत. कोडमध्ये अवतरणचिन्हांशिवाय १२ असे लिहिले, तर पीएचपी त्याला संख्या न मानता एखाद्या कॉन्स्टंटचे (न बदलणाऱ्या मूल्याचे) नाव समजते आणि आवृत्ती ८ पासून असा कॉन्स्टंट अस्तित्वात नसल्याची त्रुटी देऊन थांबते.

तक्ता मांडणे

चौकटी कंसांची आटोपशीर मांडणी २०१२ मध्ये आलेल्या ५.४ या आवृत्तीपासून उपलब्ध आहे. इंडेक्स दिला नाही तर पीएचपी शून्यापासून क्रमाने इंडेक्स देत जाते. तरीही प्रत्येक ओळीच्या पहिल्या नावाला मी मुद्दाम इंडेक्स देतो, त्याचे कारण तक्त्यानंतर येईल.

$नावे = [
    0 => 'शून्य', 'एक', 'दोन', 'तीन', 'चार', 'पाच', 'सहा', 'सात', 'आठ', 'नऊ',
    10 => 'दहा', 'अकरा', 'बारा', 'तेरा', 'चौदा', 'पंधरा', 'सोळा', 'सतरा', 'अठरा', 'एकोणीस',
    20 => 'वीस', 'एकवीस', 'बावीस', 'तेवीस', 'चोवीस', 'पंचवीस', 'सव्वीस', 'सत्तावीस', 'अठ्ठावीस', 'एकोणतीस',
    30 => 'तीस', 'एकतीस', 'बत्तीस', 'तेहतीस', 'चौतीस', 'पस्तीस', 'छत्तीस', 'सदतीस', 'अडतीस', 'एकोणचाळीस',
    40 => 'चाळीस', 'एक्केचाळीस', 'बेचाळीस', 'त्रेचाळीस', 'चव्वेचाळीस', 'पंचेचाळीस', 'सेहेचाळीस', 'सत्तेचाळीस', 'अठ्ठेचाळीस', 'एकोणपन्नास',
    50 => 'पन्नास', 'एक्कावन्न', 'बावन्न', 'त्रेपन्न', 'चोपन्न', 'पंचावन्न', 'छप्पन्न', 'सत्तावन्न', 'अठ्ठावन्न', 'एकोणसाठ',
    60 => 'साठ', 'एकसष्ट', 'बासष्ट', 'त्रेसष्ट', 'चौसष्ट', 'पासष्ट', 'सहासष्ट', 'सदुसष्ट', 'अडुसष्ट', 'एकोणसत्तर',
    70 => 'सत्तर', 'एक्काहत्तर', 'बाहत्तर', 'त्र्याहत्तर', 'चौऱ्याहत्तर', 'पंच्याहत्तर', 'शहात्तर', 'सत्त्याहत्तर', 'अठ्ठ्याहत्तर', 'एकोणऐंशी',
    80 => 'ऐंशी', 'एक्क्याऐंशी', 'ब्याऐंशी', 'त्र्याऐंशी', 'चौऱ्याऐंशी', 'पंच्याऐंशी', 'शहाऐंशी', 'सत्त्याऐंशी', 'अठ्ठ्याऐंशी', 'एकोणनव्वद',
    90 => 'नव्वद', 'एक्क्याण्णव', 'ब्याण्णव', 'त्र्याण्णव', 'चौऱ्याण्णव', 'पंच्याण्णव', 'शहाण्णव', 'सत्त्याण्णव', 'अठ्ठ्याण्णव', 'नव्याण्णव',
];

सलग शंभर नावे इंडेक्सशिवाय लिहिली आणि मध्येच एक नाव राहून गेले, तर त्यापुढची सगळी नावे एका घराने मागे सरकतात. प्रोग्राम कसलीही तक्रार करत नाही, पण उत्तरे चुकीची देऊ लागतो. ओळीच्या सुरुवातीला इंडेक्स असला की चूक त्या एका ओळीत कोंडली जाते. समजा ‘बेचाळीस’ लिहायचे राहिले, तर ४२ ते ४८ यांची नावे चुकतील आणि ४९चे घर रिकामे राहील, पण पन्नासपासून पुढे सारे ठीक असेल. घरांची संख्या काउंट या फंक्शनने मोजली की ९९ येईल आणि चूक पकडली जाईल.

उलट चूक अधिक फसवी असते. ‘बेचाळीस’ दोनदा लिहिले गेले, तर ओळीतले शेवटचे नाव ५०च्या घरात जाते आणि लगेच पुढच्या ओळीतील ‘पन्नास’ त्याच्यावर लिहिले जाते. एकच इंडेक्स दोनदा आला तर पीएचपी नंतरचे मूल्य ठेवते आणि त्याविषयी काहीही सांगत नाही. अशा वेळी काउंट बरोबर १००च येतो. म्हणून आधी ॲरे-युनिक या फंक्शनने पुनरावृत्ती काढून टाकावी आणि मग मोजावे, म्हणजे ९९ हे उत्तर येऊन दोष उघडा पडेल. या दोन्ही तपासण्या एकदा लिहून चाचण्यांत कायमच्या ठेवाव्यात, कारण तक्त्याला कधीतरी कोणाचा तरी हात लागणारच.

नाव काढणे

तक्ता तयार झाला की शोध एका ओळीचा असतो.

<?= $नावे[42] ?>

यातून ‘बेचाळीस’ छापले जाते. संख्या तक्त्याबाहेरची असेल तर पीएचपी नल (‘काहीच नाही’) हे मूल्य देते आणि ८.० या आवृत्तीपासून वॉर्निंगही देते. त्याआधीच्या आवृत्त्यांत फक्त नोटीस ही सौम्य सूचना येत असे. २०१५ मधील ७.० या आवृत्तीत दोन प्रश्नचिन्हांची क्रिया आली, आणि तिच्यामुळे पर्यायी मूल्य देणे सोपे झाले.

$नाव = $नावे[$संख्या] ?? 'नाव उपलब्ध नाही';

ही क्रिया सोयीची आहे, पण तिची एक बाजू ध्यानात ठेवावी लागते. डावीकडे जे काही अस्तित्वात नसेल त्याबद्दल ती गप्प बसते, आणि त्यात खुद्द ॲरेही आला. $नावे ऐवजी चुकून $नांवे लिहिले गेले, तरी कोणतीही सूचना न येता प्रत्येक वेळी ‘नाव उपलब्ध नाही’ हेच उत्तर मिळत राहील. म्हणून संख्या तक्त्यात असलीच पाहिजे अशी खात्री जिथे आहे, तिथे पर्यायी मूल्य देऊ नये आणि वॉर्निंग येऊ द्यावी, असे माझे ठाम मत आहे. लपलेल्या चुकीपेक्षा दिसणारी चूक केव्हाही बरी. देवनागरी नावे दिसायला मिळतीजुळती असू शकतात, म्हणून अनेक जण मिळून काम करत असलेल्या प्रकल्पात व्हेरिएबलना रोमन नावे देणेच मी पसंत करतो.

इंडेक्स आहे की नाही एवढेच पाहायचे असेल तर इससेट आणि ॲरे-की-एक्झिस्ट्स असे दोन मार्ग आहेत. घरात नल ठेवलेले असेल तर इससेट ‘नाही’ म्हणते आणि ॲरे-की-एक्झिस्ट्स ‘आहे’ म्हणते. आपल्या तक्त्यात नल कुठेच नसल्यामुळे इथे दोन्हींचे उत्तर एकच येईल.

इंडेक्स म्हणून काय दिले जात आहे

या विषयातील बहुतेक अडचणी तक्त्यात नसतात, तर तक्त्याला विचारल्या जाणाऱ्या संख्येत असतात. पीएचपीच्या ॲरेत इंडेक्स दोनच प्रकारचा असू शकतो, पूर्णांक किंवा स्ट्रिंग (अक्षरांची मालिका). दशांश अपूर्णांक किंवा सत्य-असत्य असे दुसरे साधे मूल्य दिले तर पीएचपी ते आपल्या नियमांनी बदलून घेते, आणि हे नियम माहीत नसतील तर उत्तरे चमत्कारिक वाटतात.

'7' ही स्ट्रिंग आपोआप 7 हा पूर्णांक होते, त्यामुळे $नावे['7'] मधून ‘सात’ मिळते. '07' मात्र स्ट्रिंगच राहते, कारण पूर्णांक लिहिण्याची ती प्रमाण रीत नाही, आणि तिच्यासाठी तक्त्यात काहीच सापडत नाही. आकड्याच्या मागेपुढे मोकळी जागा असली तरी हेच होते. 7.9 हा दशांश अपूर्णांक दिला तर दशांश भाग कापला जाऊन 7 उरतो, ८.१ या आवृत्तीपासून अशा कापाकापीला कालबाह्य ठरवणारी सूचना मिळते. कोडमध्ये अवतरणचिन्हांशिवाय 010 लिहिले तर ती अष्टमान पद्धतीतील संख्या ठरते आणि ‘दहा’च्या जागी ‘आठ’ येते.

सर्वांत धोक्याचा नियम सत्य आणि असत्य या मूल्यांचा आहे. सत्य हा 1 होतो आणि असत्य हा 0 होतो. एखादे फंक्शन अपयशी ठरल्यावर असत्य परत देत असेल आणि ते न तपासता इंडेक्स म्हणून वापरले गेले, तर तक्ता शांतपणे ‘शून्य’ असे उत्तर देतो. चूक झाली हे वाचणाऱ्याला कळायला काही मार्गच राहत नाही.

फॉर्ममधून किंवा पत्त्याच्या ओळीतून आलेली प्रत्येक गोष्ट स्ट्रिंग असते, त्यामुळे ती आधी पारखून घ्यावी. यासाठी फिल्टर-व्हार हे फंक्शन पूर्णांकाच्या तपासणीसह वापरावे. ते मागेपुढची मोकळी जागा चालवून घेते, '07' नाकारते, आणि कमीत कमी व जास्तीत जास्त मर्यादाही तपासते. योग्य मूल्य असेल तर पूर्णांक मिळतो, नसेल तर असत्य मिळते. हे उत्तर तीन बरोबर चिन्हांनीच (===) तपासले पाहिजे, कारण 0 हीसुद्धा योग्य संख्या आहे आणि ढिलाईने तपासले तर तीही नाकारली जाईल.

वाचक ‘१२’ असे देवनागरी अंकही टाइप करू शकतो. पीएचपी अशा स्ट्रिंगला संख्या मानत नाही आणि तिचे पूर्णांकात रूपांतर केले तर 0 मिळतो. त्यासाठी दहा घरांचा आणखी एक तक्ता लागतो.

$अंक = ['०', '१', '२', '३', '४', '५', '६', '७', '८', '९'];

हा साधा ॲरे 0 ते 9 या अंकांपासून देवनागरी अंकांकडे नेतो, आणि एसटीआरटीआर या फंक्शनला तो जसाच्या तसा दिला तर अख्ख्या स्ट्रिंगमधील अंक बदलून मिळतात. उलट दिशेने जायचे असेल तर ॲरे-फ्लिप वापरून इंडेक्स आणि मूल्य यांची अदलाबदल करावी आणि तो उलटा ॲरे त्याच फंक्शनला द्यावा. एसटीआरटीआरला ॲरेऐवजी दोन स्ट्रिंग देण्याचीही सोय आहे, पण ती एकेका बाइटची अदलाबदल करते आणि तीन बाइटांच्या देवनागरी अंकांचा चुराडा करते. याच कारणाने '०१२३' या स्ट्रिंगमधील इंडेक्स 1 वर ‘१’ मिळत नाही, तर शून्याच्या चिन्हाचा मधला बाइट मिळतो. देवनागरीसाठी स्ट्रिंगला तक्ता समजू नये, ॲरेच वापरावा.

एकपासून सुरू होणारे तक्ते

वारांचे क्रमांक एकपासून सुरू होत असतील, तर शून्याच्या घरात रिकामी स्ट्रिंग भरण्याची गरज नाही. पहिला इंडेक्स सांगितला की पुढचे आपोआप येतात.

$वार = [1 => 'सोमवार', 'मंगळवार', 'बुधवार', 'गुरुवार', 'शुक्रवार', 'शनिवार', 'रविवार'];

डेट फंक्शनमध्ये मोठा एन दिला तर सोमवारसाठी १ ते रविवारसाठी ७ असा क्रमांक मिळतो, आणि वरचा तक्ता त्याला जुळतो. छोटा डब्ल्यू दिला तर मात्र रविवारसाठी ० आणि शनिवारसाठी ६ मिळतो, तेव्हा तक्ता वेगळा लागेल.

असे तक्ते हाताळताना इंडेक्स बदलून टाकणाऱ्या फंक्शनांपासून जपावे. सॉर्ट, ॲरे-शिफ्ट आणि ॲरे-मर्ज ही तिन्ही पूर्णांक इंडेक्स शून्यापासून नव्याने देतात, आणि त्यानंतर वारांचे क्रमांक १ऐवजी ०पासून सुरू होतात. दोन तक्ते जोडायचे असतील तर अधिक चिन्ह वापरावे, कारण त्यात इंडेक्स कायम राहतात आणि एखादा इंडेक्स दोन्हीकडे असेल तर डावीकडचे मूल्य टिकते.

मोठ्या संख्या: तक्ता आणि हिशेब

आता शंभर नावांतून मोठी संख्या घडवू. मराठीत शेवटचे दोन अंक एकत्र, त्याआधीचा एक अंक शतकाचा, आणि त्याआधी हजार, लाख, कोटी यांचे दोन-दोन अंकांचे गट अशी रचना आहे. हजार आणि लाख यांचा गुणक कधीच ९९च्या वर जात नाही, म्हणून तोच तक्ता प्रत्येक गटाला पुरतो. २०१९ मधील ७.४ या आवृत्तीपासून संख्येत अधोरेषा घालता येते, आणि ती कोणत्याही दोन अंकांच्या मध्ये घालता येत असल्यामुळे लाख-कोटींचे गट कोडमध्येही सहज वाचता येतात.

$संख्या = 12_34_567;

$शेष = $संख्या % 100;
$शतक = ($संख्या % 1_000 - $शेष) / 100;
$हजार = ($संख्या % 1_00_000 - $संख्या % 1_000) / 1_000;
$लाख = ($संख्या % 1_00_00_000 - $संख्या % 1_00_000) / 1_00_000;
$कोटी = ($संख्या - $संख्या % 1_00_00_000) / 1_00_00_000;

इथे % ही खूण भागाकाराची बाकी देते. भागाकारापूर्वी उरणारा भाग वजा केला आहे, त्याला कारण आहे. पीएचपीत दोन पूर्णांकांचा भागाकार निःशेष असेल तरच उत्तर पूर्णांक येते, नाहीतर दशांश अपूर्णांक येतो. वजाबाकीमुळे भागाकार नेहमी निःशेष होतो आणि इंडेक्स पूर्णांकच राहतो. ७.० पासून मिळणाऱ्या इंटडिव्ह फंक्शननेही हेच साधते.

$अक्षरी = ($कोटी ? $नावे[$कोटी] . ' कोटी ' : '')
    . ($लाख ? $नावे[$लाख] . ' लाख ' : '')
    . ($हजार ? $नावे[$हजार] . ' हजार ' : '')
    . ($शतक ? ($शतक === 1 && $शेष === 0 ? 'शंभर ' : $नावे[$शतक] . 'शे ') : '')
    . ($शेष ? $नावे[$शेष] : '');

$अक्षरी = $अक्षरी ?: $नावे[0];

वरील संख्येसाठी लाख १२, हजार ३४, शतक ५ आणि शेष ६७ निघतात, आणि ‘बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट’ असे उत्तर तयार होते. शंभरसाठी वेगळी अट लागते, कारण १०१ला ‘एकशे एक’ म्हणतात, पण नुसत्या १००ला ‘शंभर’ म्हणतात. सगळे गट शून्य असतील तर स्ट्रिंग रिकामी राहते, आणि शेवटची ओळ तिच्या जागी ‘शून्य’ ठेवते. गोल संख्येच्या शेवटी उरणारी मोकळी जागा ट्रिम फंक्शनने काढावी.

ऋण संख्येला हा हिशेब थेट लावता येत नाही. पीएचपीत भागाकारातील बाकीचे धन-ऋण चिन्ह भाज्याप्रमाणे राहते, म्हणजे -5 % 100 चे उत्तर -5 येते आणि तक्त्यात तसा इंडेक्स नाही. म्हणून चिन्ह आधी बाजूला काढावे, आणि त्याच्याही आधी मर्यादा तपासावी.

$मर्यादेत = $संख्या >= -99_99_99_999 && $संख्या <= 99_99_99_999;
$चिन्ह = $संख्या < 0 ? 'उणे ' : '';
$संख्या = $संख्या < 0 ? -$संख्या : $संख्या;

यापुढच्या संख्या हव्या असतील तर हा सारा हिशेब एका फंक्शनमध्ये ठेवावा आणि कोटींचा गुणक १०० किंवा त्याहून मोठा झाला की त्या गुणकासाठी तेच फंक्शन पुन्हा बोलवावे. तक्त्यात एकाही नावाची भर पडत नाही.

तक्ता ठेवायचा कुठे

नावे बदलणार नसतील तर तक्ता कॉन्स्टंट म्हणून जाहीर करावा, ५.६ पासून कॉन्स्टंटमध्ये ॲरे ठेवता येतो. फाइल यूटीएफ-८ मध्ये, पण सुरुवातीच्या बाइट-ऑर्डर-मार्क या न दिसणाऱ्या खुणेशिवाय साठवावी, नाहीतर तिचे तीन बाइट हेडरच्या, म्हणजे ब्राउझरला पानाआधी जाणाऱ्या माहितीच्या, आधीच बाहेर पडतात. मोजक्या आणि निश्चित स्थितींना नावे द्यायची असतील, उदाहरणार्थ ‘प्रलंबित’ किंवा ‘मंजूर’, तर ८.१ पासून मिळणारा ईनम (ठरावीक मूल्यांचाच प्रकार) अधिक योग्य आहे, कारण तिथे अवैध क्रमांक आतच येऊ शकत नाही. ८.० मधील मॅच, म्हणजे स्विचसारखी पण मूल्य परत देणारी रचना, हाही पर्याय आहे. तो प्रकारासह काटेकोर तुलना करतो आणि जुळणी न झाल्यास त्रुटी देतो. शंभर नावांसाठी मात्र दोन्ही अवजड होतात.

नावावरून संख्या

‘चौऱ्याहत्तर’वरून ७४ शोधायचे असेल तर ॲरे-सर्च वापरावे, किंवा अनेकदा शोधायचे असेल तर ॲरे-फ्लिपने उलटा तक्ता एकदाच करून ठेवावा. ‘शून्य’ शोधल्यावर ॲरे-सर्च 0 देते आणि काहीच न सापडल्यास असत्य देते, म्हणून इथेही तीन बरोबर चिन्हांची तुलना अनिवार्य आहे.

पण देवनागरीत या शोधाला आणखी एक अडथळा असतो. ‘ऱ’ हे अक्षर एकाच संकेताने (अक्षराच्या युनिकोड क्रमांकाने) लिहिता येते, किंवा ‘र’ आणि त्याखालचा नुक्ता अशा दोन संकेतांनी लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट वेगळे असल्यामुळे शोध फसतो. पीएचपीच्या इंटल या पूरक भागातील (एक्स्टेन्शनमधील) नॉर्मलायझर वापरून तक्त्यातील आणि वाचकाने दिलेली अशी दोन्ही नावे एकाच प्रमाण रूपात आणली की हा फरक मिटतो. काही कीबोर्ड मात्र हेच जोडाक्षर साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह घालून तयार करतात. ते रूप नॉर्मलायझर बदलत नाही, आणि जोडचिन्ह नुसते काढून टाकले तर ‘र्या’ असा रफार उरतो. म्हणून ‘र’, हलन्त आणि जोडचिन्ह हा तीन संकेतांचा तुकडा एसटीआरटीआरने आधीच ‘ऱ्’मध्ये बदलून घ्यावा. या जोडाक्षरामुळे ७४, ८४ आणि ९४ या तीन संख्यांची नावे तिन्ही रूपांत लिहून उलट्या शोधाच्या चाचणीत घालावीत. ती नऊही नावे योग्य संख्येपर्यंत पोहोचली तरच हा शोध वाचकांसाठी खुला करावा.